जुन्या गाडीत फोन जोडायचा, पण मूळ वायर एकही कापायची नाही

माझ्याकडे फियाट पालिओ १.६ जीटीएक्स आहे, २००२ चं मॉडेल. आत्ताच्या पोरांना ही गाडी माहीतच नसते म्हणून सांगतो, १५९६ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, शंभर हॉर्सपॉवर, आणि हे त्या काळात जेव्हा रस्त्यावरच्या बऱ्याच छोट्या गाड्या पन्नास-साठवर चालत होत्या. सचिन तेंडुलकर जाहिरात करायचा फियाटची. दोन सीटची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार नाही, कबूल आहे, पण सांगलीतून निघून पेठ नाक्याला हायवे लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये रेटली की जे वाटतं ना, त्यासाठी ही गाडी मी अजून विकलेली नाही आणि विकणारही नाही.

गाडीत फक्त फोनची सोय नव्हती. आधी कॅसेट होती, मग सीडी प्लेअर आला, तो एक दिवस सीडी आत घेऊन बसला तो बसलाच, आणि मग मी मांडीवर फोन ठेवून मॅप बघत कराडपर्यंत जायला लागलो. चालवताना हातात फोन धरणं बेकायदेशीर आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीपासून ते सरळ लिहिलंय, पहिल्यांदा सापडलं तरी दंड हजारापासून पाच हजारापर्यंत आणि कैदेची पण तरतूद. पण दंड राहू दे बाजूला, एका रात्री कासेगावजवळ उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं होता, ट्रॉलीला मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि माझी नजर खाली फोनवर. ब्रेक लागले म्हणून आज लिहितोय. त्याच आठवड्यात स्टिरिओचं काम मनावर घेतलं.

आता आधी काय झालं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातनंच शिकलोय. सीडी प्लेअर बसवला होता तो एका दुकानात. मी चहा प्यायला गेलो तेवढ्यात त्या पोरानं गाडीचे मूळ कनेक्टर कापून टाकले आणि वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळली. पावसाळाभर चाललं. मे महिन्यात सांगलीचं ऊन तुम्हाला माहीत आहे, बंद गाडीत हात लावायची सोय नसते, टेपचा गोंद वितळला, जोड उघडे पडले आणि एका खड्ड्यात गाडी आदळल्यावर दोन वायरी एकमेकीला चिकटल्या. फ्यूज उडाला. माझ्या गाडीत त्याच फ्यूजवर घड्याळ आणि आतला लाईट पण होता, ते सगळं गेलं. फ्यूज होता म्हणून बरं, नाहीतर वायरिंग जळलं असतं. कापलेल्या जागी परत कनेक्टर लावून घ्यायला मला दोन रविवार गेले. म्हणून ह्या सगळ्या लिखाणात एकच गोष्ट पाळा, बाकी काही विसरलात तरी चालेल: गाडीच्या मूळ वायरला कात्री लावायची नाही. जे कापायचं, जोडायचं, दाबायचं ते सगळं मधल्या अॅडॉप्टरच्या वायरवर. अशा गाड्यांचं वायरिंग हार्नेस, म्हणजे कनेक्टरसकट वायरींचा तयार जुडगा, आता नवीन मिळत नाही.

पहिलं काम म्हणजे काय बसवायचं ते ठरवणं, आणि इथंच लोक सगळ्यात जास्त फसतात.

दुकानात गेलात की "अँड्रॉइड लावा की साहेब" म्हणून नऊ इंचाचा टॅब्लेटसारखा डबा समोर ठेवतात. त्याला अँड्रॉइड प्लेअर म्हणतात आणि लोकांना वाटतं हेच अँड्रॉइड ऑटो. दोन्ही वेगळं आहे बरं का. अँड्रॉइड प्लेअर म्हणजे गाडीत बसवलेला स्वस्तातला टॅब्लेट, त्याचं स्वतःचं रॅम, स्वतःचं मेमरी, त्याला नेट वेगळं द्यावं लागतं आणि दोन-तीन वर्षांत तो रखडायला लागतो. अँड्रॉइड ऑटो आणि ॲपल कारप्लेमध्ये डोकं फोनमध्येच असतं, स्टिरिओचा स्क्रीन नुसता दाखवायचं आणि बोट लावायचं काम करतो. फोन बदलला की गाडीतलं सगळं आपोआप नवीन होतं. वीस वर्षं जुन्या गाडीला हे जास्त सोयीचं, कारण परत परत डॅशबोर्ड उघडायला लागत नाही. ही दोन्ही सोय २०१४ ला जाहीर झाली, कारप्ले आयफोन ५ पासून पुढं चालतं, आणि अँड्रॉइड १० पासून अँड्रॉइड ऑटो फोनमध्ये आधीच असतं, वेगळं ॲप घ्यायला लागत नाही. वायरलेस पाहिजे असेल तर साधारण अँड्रॉइड ११ किंवा त्याच्या पुढचा फोन लागतो. ओळख ब्लूटूथवर होते आणि पुढचा सगळा डेटा वायफायवर जातो.

आणि एक शब्द, मिररिंग. खोक्यावर फोन लिंक, मिरर लिंक असलं काय काय छापलेलं असतं, त्यातलं बरंचसं म्हणजे फोनचा स्क्रीन जसाच्या तसा वर दिसणं एवढंच. अक्षरं बारीक, बटणं बारीक, चालवताना निरुपयोगी. खोक्यावर कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो ही दोन नावं असतील आणि दुकानदारानं तुमचाच फोन लावून दाखवला तरच पैसे द्या.

एफएम ट्रान्समीटर, लायटरच्या सॉकेटमध्ये घालायचा आणि फोनचं गाणं रेडिओवर ऐकवणारा तो, मी वर्षभर वापरलाय. कामचलाऊ. गावातनं बाहेर पडलं की तीच फ्रिक्वेन्सी दुसरं कोणतरी धरतं आणि गाण्यावर खरखर चालू. जुन्या डेकला, म्हणजे स्टिरिओच्या डब्याला, मागं ऑक्सची पिन (बाहेरचा आवाज आत द्यायची जागा) असेल तर त्यात ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर लावणं त्यापेक्षा हजारपट बरं, आणि ज्यांना गाडीचा मूळ चेहरा ठेवायचाय, मूळ डेक चालू आहे, त्यांनी माझं ऐकलं तर एवढंच करावं आणि मॅपसाठी एक दणकट फोन होल्डर घ्यावा.

डेक बदलायचाच असेल तर माप घ्या. डिन म्हणजे डेकच्या तोंडाचं ठरलेलं माप, सिंगल डिनचं तोंड १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिनचं १८० बाय १००. माझ्या पालिओत सिंगलची जागा आहे. डबल बसवायला डॅशबोर्डचं प्लॅस्टिक कापून देणारे भेटतात, मी नाही कापलं आणि तुम्ही पण कापू नका. त्याच्यासाठी दुसरी सोय आहे, अंग सिंगल डिनचं आणि पुढं तरंगता स्क्रीन, सात इंच किंवा नऊ इंच, वर-खाली सरकवता येतो. घ्यायच्या आधी पुठ्ठ्याचा तेवढा तुकडा कापून डॅशबोर्डवर चिकटवा आणि एक दिवस तसाच गाडी चालवा. एसीचं तोंड झाकतंय का, गिअर पहिल्यात टाकताना हाताला लागतंय का, दुपारी ऊन थेट पडतंय का, हझार्डचं बटण दिसतंय का, सगळं त्या पुठ्ठ्यावर कळतं, आणि पुठ्ठ्याला पैसे लागत नाहीत. मी पहिला तुकडा नऊ इंचाचा कापला होता, त्यानं हझार्डचं बटण झाकलं, म्हणून सात इंचावर आलो. खोली पण मोजा. सीडीवाले डेक आत खूप लांब असतात, बिनसीडीचे, ज्यांना मेकलेस म्हणतात, ते आखूड येतात, आणि मागं वायरींचा गठ्ठा आणि हीटरचा पाईप असतो त्यामुळं आखूडच घ्या.

आता प्रत्यक्ष काम. सकाळी लवकर सुरू करा, सावलीत. दहाचा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह सोडवा, आधी निगेटिव्हच, आणि टोक कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. मूळ डेकला कोड (करंट तुटल्यावर डेक परत चालू करायला घालायचा आकडा) असेल तर तो आधी शोधून लिहून ठेवा, नंतर तो डेक परत लावायचा म्हटलं तर लागतो.

डेकच्या कडेला दोन-दोन बारीक भोकं दिसतील, त्यात यू आकाराच्या चाव्या घालायच्या असतात. चाव्या कधीच हरवलेल्या असतात. आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्याकडनं दोन जुने स्पोक आणले, चिमट्यानं यू केला, टोकं कानशीनं गुळगुळीत केली, चारही भोकांत आतपर्यंत घातले आणि दोन्हीकडनं थोडं बाहेरच्या बाजूला ताणून ओढलं. टक् असा आवाज आला की स्प्रिंग सुटली. जोर लावून स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका, जुनं प्लॅस्टिक बिस्किटासारखं तुटतं.

मागं जे कनेक्टर दिसतील ते माझ्या पालिओसारख्या युरोपियन घराण्यातल्या गाडीत बहुतेक आयएसओ ह्या ठरलेल्या नमुन्याचे असतात, आठ-आठ पिनचे दोन, एक करंटचा, एक स्पीकरचा. मारुती, होंडा, ह्युंदाई यांचे वेगळे. त्या त्या गाडीचं अॅडॉप्टर हार्नेस ऑनलाइन मिळतं, सांगलीत शंभर फुटी रोडला पण विचारून बघा. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा, जमलं तर कनेक्टरचा फोटो दाखवा. त्या दोन-तीनशे रुपयांच्या वायरीसाठीच हा सगळा खटाटोप आहे, त्याची एक बाजू गाडीत घुसते, दुसऱ्या बाजूला नवीन डेकच्या वायरी जोडायच्या.

नवीन डेकच्या वायरींचे रंग बहुतेक सगळ्या कंपन्यांत सारखेच. पिवळी म्हणजे कायमचा बारा व्होल्ट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, त्याला एसीसी म्हणतात, काळी अर्थ (अर्थिंगची, बॅटरीच्या निगेटिव्हला मिळणारी), निळी अँटेनाला, निळी-पांढरी अॅम्प्लिफायर चालू करायला, नारिंगी डॅशबोर्डच्या लाईटची. स्पीकरच्या चार जोड्या, पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि ज्या वायरीवर काळी रेघ ती त्या जोडीतली निगेटिव्ह. पण हे रंग डेकच्या बाजूचे. गाडीच्या बाजूच्या वायरींच्या रंगावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. आमच्या शेजारी मोटार वाइंडिंगवाले मामा आहेत, मी त्यांना फोटो दाखवून विचारलं, "मामा, ही लाल म्हणजे एसीसीच ना?" तर म्हणाले, "रंग इचारू नकोस रं, मीटर लाव. वीस वर्षांत त्या गाडीत किती जणांनी हात घातलाय तुला काय माहिती?"

मीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर, लावला (बॅटरी परत जोडून, फक्त तेवढ्यापुरती). चावी काढलेली असताना ज्या पिनवर १२.५ च्या आसपास येतं ती कायमची. चावी फिरवल्यावरच येतं ती एसीसी. हेडलाईट लावल्यावर येतं ती लाईटची. आयएसओमध्ये पिन ४ कायमची, ७ एसीसी, ८ अर्थ असं ठरलेलं आहे, पण फोक्सवॅगन-ऑडी घराण्यात ४ आणि ७ उलट असतात हे प्रसिद्ध आहे, आणि जुन्या गाडीत आधीच्या कुणी उलटं केलेलं असू शकतं. ह्या दोन उलट्या झाल्या तर दरवेळी चावी काढली की डेक सगळं विसरतो, तुमचा फोन, स्टेशनं, आवाजाची सेटिंग. किंवा दोन्ही कायमच्याच मिळाल्या तर डेक कधी झोपतच नाही आणि चौथ्या दिवशी गाडीला धक्का.

स्पीकरची निगेटिव्ह कधीही गाडीच्या बॉडीला लावायची नाही. फार जुन्या गाड्यांत दोन स्पीकरची एक वायर बॉडीला दिलेली असायची, आत्ताच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर करंट असतो, एक बॉडीला टेकली की आतला अॅम्प्लिफायर जातो. तुमच्या गाडीत तसं जुनं वायरिंग असेल तर त्या स्पीकरला डेकपासून नवीन दोन-दोन वायरी ओढा, दुसरा उपाय नाही.

कोणती वायर कुठल्या स्पीकरची आणि त्यातली पॉझिटिव्ह कुठली, हे ओळखायची एक जुनी पद्धत आहे, फार आवडते मला. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. स्पीकरच्या दोन पिनना क्षणभर टेकवा. खट् आवाज येईल. दाराचं पॅनल काढून स्पीकरच्या कागदी शंकूवर हलकेच बोट ठेवा आणि परत टेकवा. शंकू बाहेर आला तर सेलची प्लस बाजू ज्या पिनला आहे ती पॉझिटिव्ह. आत गेला तर उलटं. एकच स्पीकर उलटा जोडला गेला ना, तर आवाज येतो पण तबल्याचा डग्गा गायब, सगळं पत्र्यासारखं वाजतं, आणि माणूस उगाच नवीन स्पीकर घ्यायला धावतो. हे चारही स्पीकरला करा, कागदावर लिहीत चला.

आता जोड. हा भाग घरात बसून टेबलावर करायचा, गाडीत वाकून नाही. नवीन डेकची वायर आणि अॅडॉप्टरची वायर, दोन्हीची टोकं सोलून क्रिम्प करायचे, म्हणजे दाबून वायर पक्की धरणारे, छोटे नळीचे लग मिळतात त्यात घालून चांगल्या क्रिम्परनं दाबा, पक्कडनं नाही. मग ओढून बघा, सुटली तर सुटू दे, आत्ता सुटलेली बरी. सोल्डर पण चालतं, पण सोल्डरजवळ वायर कडक होते आणि गाडीच्या हादऱ्यानं तिथंच तुटते, म्हणून सोल्डर केलात तर त्या जागेला आधार द्या. वर हीट श्रिंकची नळी, गरम केली की आवळून बसते ती, चढवा, आणि शेवटी सगळा गठ्ठा कापडी टेपनं गुंडाळा. ती काळी पीव्हीसी टेप नको, माझं मे महिन्यातलं सांगितलंच वर. कापडी टेपचा दुसरा फायदा, डॅशबोर्डच्या आत वायरी खडखडत नाहीत.

अर्थबद्दल थोडं थांबून सांगतो, खास आपल्या भागासाठी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. तेव्हा बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन पुसून परत विकल्या गेल्या. तुमची जुनी गाडी त्यातली असू शकते, तुम्हाला विकणाऱ्यानं सांगितलं नसेल. कनेक्टर काढल्यावर पिनवर हिरवट भुकटी दिसली किंवा गालिच्याखाली बोल्टला गंजाचा थर दिसला तर समजा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बारीक पॉलिश पेपरनं अर्थचा बोल्ट पांढरा होईपर्यंत घासा, मग व्हॅसलिनचं बोट लावून घट्ट करा. आणि तपासायचं असं, डेक मोठ्यानं वाजत असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं डेकच्या काळ्या वायरीला. ०.१ व्होल्टच्या आसपास आलं तर ठीक, अर्धा व्होल्ट दाखवत असेल तर अर्थ खराब, आणि त्याच अर्थमुळं पुढं इंजिनच्या आवाजाबरोबर वाढणारी ती कूंऽऽ अशी शिट्टी स्पीकरमधून येते. लोक त्याला फिल्टर लावतात. आधी अर्थ घासा. अॅम्प्लिफायर लावला असेल तर त्याची बॅटरीवरची जाड वायर गाडीच्या एका बाजूनं आणि आवाजाच्या आरसीए वायरी दुसऱ्या बाजूनं न्या, आणि बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज पाहिजेच.

साताऱ्यात माझा एक मित्र आहे त्याच्याकडे सॅन स्टॉर्म आहे, गोव्यात बनलेली, दोन सीट, टप उघडणारी, रेनोचं १.२ इंजिन. आपल्या देशात स्वतःची स्पोर्ट्स कार बनवायचा तो खरा प्रयत्न, मला फार आदर आहे त्या गाडीचा. त्याच्या गाडीवर काम करताना वेगळीच मजा, बॉडी फायबरची. म्हणजे कुठल्याही बोल्टला काळी वायर लावून अर्थ मिळतच नाही, सरळ चासीपर्यंत किंवा बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी वायर ओढायला लागते. एफएमची अँटेना पण खाली पत्रा नसल्यामुळं दुबळी पडते, तिथं आम्ही काचेला चिकटवायची करंटवाली अँटेना लावली. उलट जीपीएसची अँटेना डॅशबोर्डच्या आत लपवली तरी चालली, कारण फायबरमधून सिग्नल जातो. उघड्या टपाच्या गाडीला माझं स्पष्ट मत, मोठा स्क्रीन नको. ऊन पडलं की काही दिसत नाही, आणि साताऱ्यात पोवई नाक्यावर गाडी लावून चहा प्यायला गेलात तर टप कापायला एक ब्लेड पुरतं. ज्याचा पुढचा फेस काढून खिशात घालता येतो असा ब्लूटूथवाला सिंगल डिन, बास. जीप आणि बोटीसाठी पाणी न लागणारे डेक येतात, यवतेश्वरच्या घाटात पावसाळ्यात फिरायचं असेल तर ते बघा.

अँटेनाची एक गोष्ट सगळ्यांसाठी. नवीन डेक लावला आणि एफएम धरेना, तर डेकला शिव्या देऊ नका. छतावरच्या अँटेनात बऱ्याचदा छोटा बूस्टर असतो, त्याला निळ्या वायरीचा करंट लागतो, ती जोडायची राहिलेली असते. माझे वडील गाडीत बसले की आधी आकाशवाणी सांगली लावायचे, त्यामुळं आमच्याकडे हा दोष पहिल्याच दिवशी सापडला.

मग माइक. फोनवर बोलणं कसं होणार ते पूर्ण माइकवर आहे आणि लोक तो डेकच्या शेजारी कुठंतरी चिकटवून टाकतात. स्टिअरिंगच्या वर, काचेच्या कडेच्या खांबावर, तोंडाच्या रेषेत लावा, एसीच्या वाऱ्यापासून लांब. वायर खांबाच्या प्लॅस्टिकमागनं घ्या. यूएसबीची वायर एक मीटरपेक्षा लांब नको आणि चांगली घ्या, अँड्रॉइड ऑटो सारखं तुटतंय अशी तक्रार असते त्यात निम्म्या वेळा वायर दोषी असते. मी ती वायर हँडब्रेकजवळच्या कप्प्यात काढलीय, फोन तिथंच पडून असतो, हातात येतच नाही. आणि हँडब्रेकची जी फिकट हिरवी वायर असते (मागच्या स्पीकरची हिरवी ती वेगळी), व्हिडिओ थांबवायची, ती लोक अर्थला लावून टाकतात म्हणजे चालवताना पिक्चर बघता येतो. तसं करू नका. हँडब्रेकच्या स्विचपर्यंत ओढा, अर्ध्या तासाचं काम आहे.

पॅनल बंद करायच्या आधी सगळं चालवून बघा. बॅलन्स डावीकडे, उजवीकडे, फेडर पुढं, मागं, चारही स्पीकर आपापल्या जागी वाजतायत का. कुणाला तरी फोन लावा. मॅप लावा. हेडलाईट लावून बघा. मग चावी काढा, सगळी दारं बंद करा, अर्धा तास थांबा आणि मीटर अँपिअरवर घेऊन बॅटरीच्या निगेटिव्ह आणि तिच्या वायरीच्या मध्ये लावा. मीटर लागलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर निवांत झोपा. स्वस्तातले अँड्रॉइड प्लेअर बंद असताना पण दोनशे ओढताना मी बघितलेत. हिशोब करा, ०.२ अँपिअर म्हणजे दिवसाला ४.८ अँपिअर-तास, ३५ ची बॅटरी आठवड्यात पार रिकामी. जुन्या हौसेच्या गाड्या आठवडा-आठवडा उभ्याच असतात, त्यांना हे सगळ्यात जास्त मारतं.

स्पीकरचं थोडक्यात. डेकवर ५० वॅट गुणिले ४ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, गाडीच्या चौदा व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात वीस-बावीस वॅटच्या पुढं जाता येत नाही. म्हणून कमी वॅटमध्ये मोठा वाजणारा, सेन्सिटिव्हिटी जास्त असलेला स्पीकर घ्या. वीस वर्षांच्या स्पीकरची कडेची फोमची रिंग हात लावला की भुगा होते, तसं असेल तर आधी ते बदला, त्याशिवाय नवीन डेकचे पैसे वाया. मागचे नंतर केले तरी चालतात, पुढचे आधी.

आणि तपासायला डीजेचं गाणं लावू नका, त्यात सगळेच स्पीकर चांगले वाटतात. मी तानपुरा लावतो. आपल्या मिरजेत तानपुरे बनतात, २०२४ ला त्यांना जीआय मानांकन पण मिळालं. नुसता तानपुरा, गाणं नाही, पाच मिनिटं, आवाज मध्यम. खर्जाची तार वाजली की दाराच्या पॅनलमध्ये कुठली क्लिप सैल आहे ती झणझणायला लागते, बोट ठेवत ठेवत ती शोधायची आणि तिथं फोमचा तुकडा घालायचा. माझ्या डाव्या दारात तीन क्लिपा सापडल्या, आणि काच वर घ्यायच्या हँडलच्या मागं एक वॉशर, कधीपासून तिथं पडला होता कोण जाणे.

पहिल्या फेरीला लांब जा. मी साताऱ्याला गेलो आणि तिथनं कासला. कासच्या वर फोनची रेंज मध्येच जाते, आणि अँड्रॉइड ऑटोचा मॅप म्हणजे फोनचाच मॅप, रेंज नाही तर नवीन रस्ता सापडत नाही. म्हणून घरी वायफायवर सातारा-महाबळेश्वर-कोयना एवढा भाग ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, गाणी पण. घाटात फोन खूप तापतो, चार्जिंग, जीपीएस आणि वरनं ऊन, त्यामुळं वायरलेसपेक्षा मी वायरच वापरतो आणि फोन सावलीत ठेवतो.

परत आल्यावर राहिलेलं एक काम. कुठली वायर कुठं लावली, कुठल्या पिनवर किती व्होल्ट होते, कुठला फ्यूज, ते सगळं एका कागदावर लिहा, फोटो काढा, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. आणि मूळ डेक, त्याचा कोड आणि ते दोन स्पोक एका खोक्यात घालून माळ्यावर.